जुना जीआय पाइप बदलायचाय, पण पाणी नेमकं अडतंय कुठे?

जुनंघर:
घर जुनं आणि पाइपही घराच्याच वयाचा. पाण्याच्या मीटरपासून घरापर्यंत अंगणाखालून साधारण २० मीटर अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) लाइन येते. घरातही भिंतीत पुरलेला जीआयच आहे. गेल्या काही वर्षांत धार बारीक होत होत आता अशी गत झालीय की स्वयंपाकघरात कोणी नळ सोडला की शॉवरखालचा माणूस आतून ओरडतो. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं, मग निवळतं.

प्लंबरने पाच मिनिटं पाहिलं आणि "सगळं काढून नवीन टाकू" म्हणाला. म्हणजे फरशी आली, टाइल्स आल्या, सगळाच राडा. माझे प्रश्न असे: पाइप बदलून धार खरंच वाढते का? अंगणातला बदलला तर भागेल का? अर्ध्याऐवजी पाऊण इंची घ्यावा की सरळ एक इंची? एक शेजारी ठामपणे सांगतात की मोठा पाइप टाकला की प्रेशर कमी होतं. डोकं चालेनासं झालंय.

निवांत:
आधी फुकटातलं बघा. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा, शॉवरची चाळणी काढा, बेसिनखालचे अँगल कॉक पूर्ण उघडे आहेत का पाहा. जाळीत तांबडी वाळू साचलेली असते. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

जुनंघर:
जाळ्या काढून झाल्या. वाळू निघाली, थोडा फरकही पडला. पण दोन नळ एकदम चालत नाहीत ते नाहीतच.

पाइप_पाना:
दोन नळ एकदम चालत नाहीत, सकाळी तांबूस पाणी, जुना जीआय. लक्षणं पाइपचीच आहेत. जस्ताचा थर गेला की आतल्या लोखंडाला गंज चढतो आणि तो सपाट बसत नाही, गाठी गाठी धरतो. बाहेरून पाइप धडधाकट दिसतो आणि आतलं भोक बुजत जातं.

तरी मोजल्याशिवाय खोदू नका. एक बादली, मोबाइलचं घड्याळ आणि एक प्रेशर गेज एवढं पुरे. मीटरच्या लगेच पुढे नळ असेल तर १० लिटरची बादली तिथे किती वेळात भरते ते पाहा, मग तेच स्वयंपाकघरात. गेज घराच्या तोंडाशी, म्हणजे अंगणातली लाइन घरात शिरते तिथल्या एखाद्या नळाला लावा. घरातले सगळे नळ बंद करून काटा वाचा, मग स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून पुन्हा वाचा.

नळ बंद असताना पाणी वाहत नाही, त्यामुळे पाइपात कितीही गंज असला तरी काटा पूर्ण प्रेशर दाखवणार. वाहायला लागल्यावरच पाइप आपले गुण दाखवतो. बंद असतानाच काटा कमी असेल तर दोष मागून येणाऱ्या पुरवठ्यात आहे, तुमचा पाइप सोन्याचा केला तरी उपयोग नाही.

टिनपाट:
एवढा खटाटोप कशाला? लाइनवर छोटा पंप बसवा, मोकळे व्हा. नाहीतर पाइपात ॲसिड सोडून धुऊन घ्या, गंज साफ.

पाइप_पाना:
@टिनपाट, दोन्ही नको. थेट पुरवठ्याच्या लाइनवर पंप लावला की मागच्या पाइपात ओढ तयार होते, आणि कुठे फट असेल तर आजूबाजूचं घाण पाणी आत खेचलं जातं. म्हणूनच बहुतेक ठिकाणी त्याला परवानगी नसते. पंप लावायचा तर आधी टाकी, मग पंप.

ॲसिडचं म्हणाल तर जुन्या जीआयमध्ये आटे पाडलेल्या जागी पत्रा सगळ्यात पातळ असतो. तिथली गळती बरेचदा गंजानेच धरून ठेवलेली असते. गंज गेला की सांधे रडायला लागतात, तेही भिंतीच्या आत. शिवाय ते पिण्याचं पाणी आहे हो.

जुनंघर:
मोजलं. मीटरजवळ बागेचा एक नळ आहे, तिथे १० लिटर ३५ सेकंदांत. स्वयंपाकघरात तीच बादली अडीच मिनिटं! गेज वॉशिंग मशीनच्या नळाला लावला, लाइन घरात शिरते तिथेच तो आहे. सगळं बंद असताना २.२ किलो (दर चौरस सेंटीमीटरला). स्वयंपाकघरातला नळ सोडला की ०.४.

प्रवाही:
वा, धागाकर्त्यांनी आकडे दिले की बोलायला मजा येते.

मीटरपाशी मिनिटाला १७ लिटर मिळतायत. म्हणजे पुरवठा ठीक, मीटर ठीक, मीटरमागची जाळीही ठीक. स्वयंपाकघरात मिनिटाला ४ लिटर, आणि तेवढ्याशा प्रवाहात काटा २.२ वरून ०.४ वर येतो. १ किलो प्रेशर म्हणजे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. म्हणजे घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचतानाच १.८ किलो, म्हणजे १८ मीटर प्रेशर खर्च झालं आणि जवळपास सगळं त्या अंगणातल्या २० मीटरमध्ये. चोर अंगणात आहे.

पाइपातली प्रेशरची घट काढायचं हेझन-विल्यम्सचं सूत्र उलटं लावून पाहिलं. जुन्या गंजक्या लोखंडासाठी गुळगुळीतपणाचा गुणांक ७० धरला तर मिनिटाला ४-५ लिटर आणि १८ मीटर घट यावरून आतला मोकळा व्यास ९ मिमीच्या आसपास येतो. नवा असताना तो १६ होता. अंदाजच आहे, पण फार चुकणार नाही.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. मोठ्या पाइपने प्रेशर कमी होत नाही. नळ बंद असताना प्रेशर पाण्याच्या उंचीवर किंवा मागच्या पुरवठ्यावर ठरतं, पाइप बारीक की जाड याचा त्याच्याशी संबंध नाही. वाहताना जाड पाइपात घर्षण कमी, म्हणून नळापाशी प्रेशर उलट जास्त उरतं. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब उडतं, त्यावरून हा समज आला असावा. पाणी लांब उडतं, पण बादली भरायला जास्त वेळ लागतो.

खारूताई:
'इंच' या शब्दावर विश्वास ठेवू नका, एवढं सांगायला आले. आमच्या बाथरूमचं काम केलं तेव्हा ठेकेदाराने अर्धा इंची जीआय काढून अर्धा इंची सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचा पाइप) टाकला. "अर्ध्याला अर्धा, ताई." जुना पाइप फार गंजलेला नव्हता. नवं चकचकीत काम आणि शॉवरची धार आधीपेक्षा कमी! मग तुकडा हातात घेऊन कॅलिपर लावला तर आतून १२.४ मिमी.

प्रवाही:
@खारूताई, तुमचा कॅलिपर बरोबर आहे. सीपीव्हीसीचा अर्धा इंच तांब्याच्या नळीच्या मापाने चालतो. बाहेरून १५.९ मिमी, त्यातून दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की १२.४. जीआयचा अर्धा इंच बाहेरून २१.३ आणि आतून १६. प्लॅस्टिक गुळगुळीत असतं याचं श्रेय धरूनही हा अर्धा इंची सीपीव्हीसी नव्या अर्धा इंची जीआयच्या दोन तृतीयांशच पाणी नेतो. पाऊण इंची सीपीव्हीसी आतून १८ च्या आसपास भरतो, तो मात्र जीआयच्या पावणेदोन पट नेतो.

पीपीआर आणि पीई (पॉलिइथिलीन) या दोन्ही प्लॅस्टिक पाइपांना बाहेरच्या व्यासाने ओळखतात. '२० चा पीपीआर' म्हणजे आतून १४.४ मिमी, जाड भिंतीचा असेल तर त्याहून कमी. म्हणून दुकानात विचारायचं ते आतला व्यास. व्यास निम्मा झाला की प्रवाह निम्मा होत नाही, तेवढ्याच प्रेशरला सहावा हिस्सा उरतो. दोन-तीन मिमीची किंमत एवढी असते.

जुनंघर:
म्हणजे अंगणात काय टाकू?

प्रवाही:
मिनिटाला २० लिटर हवेत असं धरा, म्हणजे शॉवर आणि स्वयंपाकघर एकदम चालून वर थोडं उरेल. २० मीटर लांबीत अगदी कोरा अर्धा इंची जीआय टाकलात तरी ६ मीटर प्रेशर खाईल. २५ मिमी पीई (आतून २०.४) सव्वा मीटर खाईल. ३२ मिमी पीई (आतून २६) अर्ध्या मीटरपेक्षाही कमी. आणि तुमच्या आताच्या पाइपातून २० लिटर काढायचे तर २७ किलो प्रेशर लागेल, तेवढं कुठल्याच घरात येत नाही.

मी ३२ टाकेन. खड्डा एकदाच खणायचा आहे, खणायची मेहनत दोन्हीला सारखीच.

कोपऱ्यातला:
वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे छपरावरच्या टाकीतून येतं, त्याला हेच लागू का?

पाइप_पाना:
@कोपऱ्यातला, जास्तच लागू. टाकीचा तळ शॉवरच्या दोन मीटर वर असेल तर तुमच्याकडे सगळं मिळून ०.२ किलो. तिथे एकेक एल्बो (वळणाचा जोड) जाणवतो. टाकीतून निघतानाच पाइप जाड हवा, फाटे फुटतील तसा बारीक करत न्यायचा. आणि पाइप कुठे वर चढून पुन्हा खाली उतरत असेल तर त्या उंचवट्यात हवा अडकते. धार कधी बरी, कधी गायब, मधेच नळ फुरफुरतो, असं होत असेल तर गंजाआधी हवेचा संशय घ्या. टाकीच्या आउटलेटला व्हेंट पाइप (हवा बाहेर जाऊ देणारी उभी नळी) आहे का पाहा.

उंबरठा:
खूप जुनं घर असेल तर पाइप खरंच जीआय आहे ना तेही बघा. चुंबक चिकटलं तर लोखंड. चिकटलं नाही, नाण्याने खरवडल्यावर मऊ लागलं आणि खाली चंदेरी चमक दिसली तर ते शिसं असू शकतं. मग प्रश्न धारेचा राहत नाही. पिण्याच्या पाण्यात शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. शिशाचा पाइप अर्धाच बदलला तर हलवाहलवीने पाण्यातलं शिसं काही काळ उलट वाढू शकतं. बदलायचा तर अख्खा बदला.

जुनंघर:
चुंबक चिकटलं, हुश्श.

करंट_लागला:
कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जुन्या घरांत वायरिंगचं अर्थिंग याच लोखंडी पाण्याच्या पाइपला बांधलेलं असतं. तुम्ही तो काढून प्लॅस्टिक टाकलं की घराचं अर्थिंग गुपचूप गेलं. नळाला पाणी झकास येईल, आणि गीझरमध्ये दोष आला तर त्याच्या बॉडीत करंट राहील. मीटर बोर्डापासून पाइपकडे जाणारी हिरवी किंवा उघडी तार दिसते का शोधा. असेल तर आधी वायरमन बोलवून स्वतंत्र अर्थिंग करून घ्या, मग पाइपला हात लावा. आणि कापतानाही सांभाळून. अशा पाइपातून करंट वाहत असेल तर कापलेल्या दोन टोकांना दोन हातांनी धरणारा माणूस मधली तार बनतो. आपला मेन स्विच बंद केला तरी करंट दुसरीकडून येऊ शकतो.

जुनंघर:
अरे बापरे. बोर्डाखालून एक तार खरंच पाइपकडे गेली आहे! हे प्लंबर बोललाच नव्हता.

निवांत:
+१ करंट_लागला. हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवायला हवा.

टिनपाट:
पंपाचं राहू दे, पण एक खरी शंका. बाहेरचा पाइप नवा करून घरातला जुनाच ठेवला तर वाढलेल्या प्रेशरने तो फुटणार नाही का? आमच्या ओळखीत एकाने असंच केलं आणि महिन्याभरात भिंत ओली.

प्रवाही:
शंका रास्त आहे, कारण मात्र वेगळं. रात्री सगळे नळ बंद असतात तेव्हा जुनंघर यांच्या घरातला पाइप आजही २.२ किलो सोसतोय, बाहेरचा बदलल्यावरही २.२ च सोसणार. वाढेल ते वाहतानाचं प्रेशर, आणि ते २.२ च्या वर जाऊच शकत नाही.

पाइप_पाना:
सूत्र खरं, पण भिंत ओली होते हेही खरं. पाना लावून पिळताना जुन्या पाइपाला झटके बसतात आणि चार हात लांबचा सडलेला आटा हलतो. शिवाय पाणी जोरात धावायला लागलं की आतले गंजाचे पापुद्रे सुटतात. म्हणून जुन्या लाइनला जोडताना एक पाना जुन्या पाइपावर धरून दुसऱ्याने फिरवायचं, झटका मागे जाऊ द्यायचा नाही. जोडाला युनियन (खोलता येणारा सांधा) ठेवा, म्हणजे उद्या आतली लाइन बदलताना पुन्हा कापाकापी नको.

माझं मत: आकडे अंगणाकडे बोट दाखवतायत, तर अंगण आधी. मग पुन्हा बादली लावा. घरातल्या टाइल्स त्यानंतर.

खोदायचंच आहे तर थोडं अजून. जुना पाइप उपसत बसू नका, सॉकेट मातीत अडतात. त्याच्या बाजूने नवा चर घ्या, जुना दोन्हीकडून तोडून तोंड बंद करून तिथेच राहू दे. पीईचा गुंडाळा अखंड येतो, म्हणून जमिनीखाली एकही सांधा ठेवायचा नाही. सांधे फक्त मीटरपाशी आणि घरापाशी, उघडे, हात पोचेल असे. चराच्या तळाशी दगड नकोत, वाळू किंवा चाळलेली माती अंथरा. पाया ओलांडताना पाइप मोठ्या स्लीव्हमधून (बाहेरच्या जाड नळीतून) घ्या. सांडपाण्याच्या लाइनपासून लांब, आणि ओलांडावीच लागली तर तिच्या वरून. थंडीत जमीन गोठते अशा भागात गोठणरेषेच्या खाली. मीटरच्या मागचं, पुरवठ्याच्या बाजूचं काही खोलू नका, तो भाग पुरवठा करणाऱ्यांचा.

माती ढकलण्याआधी टेस्टिंग पंप लावून नेहमीच्या दीडपट प्रेशरवर ठेवा आणि काटा हलतो का बघत बसा. गडी लोकांना माती ढकलायची घाई असते, तुम्ही करू नका. मग मोजपट्टी शेजारी ठेवून चराचे फोटो काढा.

खारूताई:
फोटोंना माझं +१. आणि नवी लाइन घरातल्या नळांना जोडण्याआधी पाणी खुलं सोडून धुऊन घ्या, जाळ्या काढलेल्याच ठेवा.

जुनंघर:
अपडेट. आधी वायरमन येऊन वेगळं अर्थिंग करून गेला. मग ३२ चा पीई टाकला, सांगितलंत तसा अखंड. जुन्या पाइपाचा घराजवळचा वीतभर तुकडा कापून ठेवलाय. बाहेरून रंगसुद्धा शाबूत. आत तपकिरी-काळे फोड, एकमेकांवर चढलेले, भोक मधोमधही नाही, एका अंगाला सरकलेलं. पेन्सिल घातली तर कशीबशी गेली आणि अर्ध्यात अडकली. स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं तर खवल्यासारखे पापुद्रे सुटतात.

स्वयंपाकघरात १० लिटर आता ४० सेकंदांत. नळ चालू असताना गेज १.९.

पण शॉवर! तो तसाच मरतुकडा. स्वयंपाकघरातला नळ बंद असो की चालू, त्याला काही फरक नाही. म्हणजे आता टाइल्स फोडायच्याच?

पाइप_पाना:
थांबा, छिन्नी खाली ठेवा. तुम्हीच उत्तर दिलंय. दुसरा नळ चालू-बंद केल्याने शॉवरला फरक पडत नाही म्हणजे अडथळा फक्त शॉवरच्या फाट्यावर आहे. बाथरूमचा वेगळा व्हॉल्व आहे का? जुना पितळी गेट व्हॉल्व असेल तर त्याची चाकी फिरते, दांडा फिरतो, पण आतलं गेट दांड्यापासून तुटून खाली बसलेलं असतं. वरून पूर्ण उघडा वाटतो, आतून पाऊण बंद.

प्रवाही:
आणि तिथे ग्लोब पद्धतीचा स्टॉप कॉक असेल तर तो धडधाकट असूनही खातो. पाणी आत इंग्रजी 'एस'सारखं वळून जातं. साधारण ३४० व्यासांइतक्या सरळ पाइपाएवढी घट, म्हणजे अर्धा इंचीला पाच मीटरच्या वर. पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व जेमतेम तीन व्यास.

जुनंघर:
बाथरूमच्या दाराबाहेर गेट व्हॉल्व आहे. चाकी गोल गोल फिरतेय, कुठे थांबतच नाही.

पाइप_पाना:
मेला तो. बॉल व्हॉल्व टाका, फुल बोअर मागून घ्या. त्याच मापाचे आतून बारीक भोकाचेही मिळतात, हातात घेऊन आरपार बघा. आटे पितळी, टेफ्लॉन टेप पुरे. आणि पाना दोन, विसरू नका.

जुनंघर:
बदलला. जुन्यातलं गेट खरंच सुटं होतं, उलटा केला तर खळकन हातात पडलं. शॉवर आणि स्वयंपाकघर एकदम चालतंय. सकाळी थोडं तांबूस पाणी अजून येतं, ते घरातल्या जीआयचं.

प्रवाही:
ते येत राहणार. टाइल्स कधी बदलायला काढाल तेव्हा आतली लाइन उरका, पाऊण इंची सीपीव्हीसीत, फक्त शेवटचा नळापर्यंतचा तुकडा अर्धा इंची. तोवर सकाळी पहिलं पाणी झाडांना.

कोपऱ्यातला:
इकडे व्हेंट पाइप नव्हताच! बसवला, फुरफुर थांबली. आता एक विचारायचं होतं, टाकीतून खाली येणारा सीपीव्हीसी दिवसभर उन्हात आहे, चालतं का?

पाइप_पाना:
उन्हाने तो ठिसूळ होतो. पाण्यात मिसळणारा फिका रंग द्या. टर्पेंटाइनवाला ऑइल पेंट लावू नका, सॉल्व्हंट प्लॅस्टिकला बाधतो.